शुक्रवारचं कुलूप

सुतानं भरलेला एक ट्रक भर बाजारात आडवा झाला म्हणून सुचेता केसरीनाथच्या दुकानात शिरली. योगायोग वगैरे पुढचं झालं. त्या दिवशी डोक्यावर बाराचं ऊन होतं, रस्ता तुंबला होता, आणि समोरच्या गाळ्यात पंखा फिरताना दिसला, एवढंच.

आत गेल्यावर कळलं, दुकान पुस्तकांचं आहे. भिवंडीत कुठेही चार भिंती आणि छप्पर दिसलं की माणूस आधी विचारतो, यात कापडाचे माग किती बसतील? आणि इथे कोणा शहाण्याने छतापर्यंत पुस्तकं रचून ठेवली होती. नव्या कागदाचा वास सगळ्या गाळ्यात भरून राहिला होता.

"काय देऊ?" गल्ल्यामागच्या तरुणाने विचारलं. सावळा, उंच, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि डोळे असे की आता हसेल की मग, सांगता येऊ नये.

'पंख्याचा वारा द्या' असं काही म्हणता येईना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. सुचेताने हाताशी आलेलं पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर रक्त ठिबकणारा सुरा होता.

"रहस्यकथा आवडतात?"

"हो," ती म्हणाली, "…फार."

वास्तविक तिला आवडायच्या संथ, जाडजूड कादंबऱ्या, ज्यांत एखादा माणूस सकाळी चहा प्यायला बसला की दुपारपर्यंत उठत नाही. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

सुचेता गणेशपुरीच्या शाळेत शिकवायची. रोज पहाटेची एसटी, परतायला दिवेलागण. शनिवारी तेवढी सकाळची शाळा, म्हणून दुपारी ती भिवंडीत असायची. पुढच्या शनिवारी तिचे पाय आपोआप त्या दुकानाकडे वळले. पंख्यासाठी, असं तिने स्वतःला सांगितलं. घरचा पंखा काही बंद पडला नव्हता.

केसरीनाथने तिच्यापुढे एक पुस्तक ठेवलं. "खास तुमच्यासाठी आणलंय, बाई. कालच मुंबईहून आलं. यात तीन खून आहेत."

"तीन? वा," सुचेता म्हणाली आणि पुस्तक घेतलं. एवढं आणून ठेवलेलं नको कसं म्हणायचं?

मग दर शनिवारी तेच चाललं. ती यायची, तो स्टूल पुढे सरकवायचा, पुस्तक द्यायचा. इथे कोणी 'घ्यायचं तर घ्या, नाहीतर ठेवा' असं म्हणत नसे. कपाटाला टेकून अर्धं पुस्तक वाचून गेलेल्या माणसालाही केसरीनाथ 'उरलेलं उद्या वाचा' म्हणायचा. सुचेताही हवं ते पुस्तक उघडायची, दोन पानं वाचायची, परत ठेवायची. आठवडाभर एसटीत हाडं खिळखिळी झालेल्या बाईला असा एक तास म्हणजे माहेर वाटायचं.

"मग? मागच्या पुस्तकातला खुनी ओळखलात की नाही?" तो विचारायचा.

"मला पहिल्यापासून माळ्याचाच संशय होता," ती ठोकून द्यायची.

केसरीनाथ जरा थांबायचा. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दाबून म्हणायचा, "नजर तिखट आहे हो तुमची."

"शिक्षिका आहे मी. कोण काय लपवतंय ते चेहऱ्यावरून कळतं."

"माझ्या चेहऱ्यावर काय दिसतं?"

"…धूळ," ती म्हणायची. पण घरी जाताना उगाचच हसू यायचं. घरी गेल्यावर पुस्तक ट्रंकेत जायचं, न उघडता.

वर्ष उलटलं. दुकानात रहस्यकथांचं एक कपाट झालं, मग दोन झाली. त्यांना जागा करायला कादंबऱ्या माळ्यावर गेल्या. सुचेता वर बघायची आणि जीव तुटायचा. सांगायचं मात्र धाडस होईना. सांगितलं, तर शनिवारी यायचं कोणत्या तोंडाने?

एका शुक्रवारी शाळेच्या संस्थेचे जुने अध्यक्ष वारले आणि मुलांना सुट्टी मिळाली. सुचेता सकाळीच परतली. शुक्रवारी भिवंडीतले माग बंद. एरवी खडखडाटात गावाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, पण त्या दिवशी सगळे कामगार रस्त्यावर, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, खिशात हात घालून हिंडत होते. बाजार फुलून गेला होता. आज शनिवारच्या आधीच दर्शन, असं मनाशी म्हणत ती दुकानापाशी आली, तर शटर खाली आणि त्याला कुलूप.

तिच्या समोरच दोघांनी ते कुलूप हलवून पाहिलं. "अरे, शुक्कर को ये कभी खुलता ही नहीं," एक जण म्हणाला आणि दोघे पुढे गेले. त्यांच्यामागून आणखी कोणी आलं, पाटी वाचली, निघून गेलं.

शेजारी लडकूचं चहाचं दुकान होतं. तिने त्याला विचारलं.

"शुक्रवारी तो मुंबईला जातो, पुस्तकं आणायला," लडकू म्हणाला. "मी म्हटलं, अरे, सगळा गाव मोकळा असतो तो दिवस सोडून जा की. तर म्हणतो, रविवारी तिथली दुकानं बंद, आणि कोणा बाईंना दर शनिवारी ताजी रहस्यकथा लागते." लडकूने तिच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. "बापाचा गाळा आहे म्हणून चाललंय. त्याचे वडील महादूशेठ म्हणालेत, दिवाळीनंतर इथे माग टाकणार. धंदा होत नाही तर पुस्तकं काय चाटायची?"

सुचेताने चहा अर्धा तसाच ठेवला. दिवाळी महिन्यावर आली होती. त्याचं दुकान बुडत होतं, आणि बुडवत कोण होतं, तर ती, आणि ट्रंकेत पडलेली ती न उघडलेली पुस्तकं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. खरं सांगावं, तर तो आपल्याला खोटारडी म्हणेल. न सांगावं, तर त्याचं दुकान जाईल. सकाळपर्यंत तिने ठरवलं, म्हणू दे खोटारडी.

शनिवारी केसरीनाथने नेहमीसारखं पुस्तक पुढे केलं. "कालचंच आहे. अजून शाईचा वास येतोय."

"मला नको," ती म्हणाली.

"वाचलंय?"

"नाही. मी… यातलं एकही वाचलेलं नाही. मला रहस्यकथा आवडत नाहीत. पहिल्या दिवशी मी वाऱ्याला आले होते."

पंखा फिरत राहिला. सुचेताची मान वर होईना.

"माहीत आहे," केसरीनाथ म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही वाचत नाही ते. मी वाचतो ना सगळी. तुमच्याशी बोलायचं म्हणून. तुम्ही दर वेळी माळ्याचं नाव घेता. त्यातल्या अर्ध्या पुस्तकांत बागच नाही."

सुचेताचे कान तापले. मग राग आला, आणि चांगला आला. "कळत होतं, तरी दर शुक्रवारी कुलूप लावून मुंबईला जात होता? माणसं काल तुमचं कुलूप हलवून परत गेली. मी डोळ्यांनी पाहिलं. तुमचे वडील इथे माग टाकायला बसलेत, आणि तुम्ही मला नको असलेली पुस्तकं आणताय?"

"पुस्तक नसतं, तर तुम्ही शनिवारी कशाला आला असता?"

हे त्याने अगदी साधेपणाने विचारलं. हिशोबात चूक दाखवावी तसं. सुचेताच्या तोंडाशी आलेलं बोलणं दोनदा माघारी गेलं… तिसऱ्यांदा तिने ते अडवलं नाही.

"तुमच्यासाठी आले असते," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच येत होते. मला तुम्ही आवडता. आता येत्या शुक्रवारी दुकान उघडा."

केसरीनाथ तिच्याकडे पाहत राहिला. आता हसेल की मग, तो प्रश्न मिटला. तो हसला. "उघडतो. तुम्हीही या. माझ्या एकट्याच्याने आवरायचं न्हाय."

शुक्रवारी ती गणेशपुरीच्या एसटीतून उतरून थेट दुकानात आली. शटर वर होतं आणि आत माणसं होती, पण पहिल्या दिवशी विक्री फार झाली नाही. कोणी हिंदी मागायचं, कोणी तेलुगू, कोणी मुलीसाठी चित्रांचं. केसरीनाथकडे त्यातलं थोडंच होतं. "आधी विचारायचं, मग आणायचं," सुचेता म्हणाली. "आपण दोघांनी नेमकं उलटं केलं." पुढची खेप त्याने सोमवारी आणली. माळ्यावरच्या कादंबऱ्या खाली आल्या. दुकानात शुक्रवारी पाय ठेवायला जागा उरेनाशी झाली.

तरी धाकधूक होतीच. दोन-तीन शुक्रवारांच्या गर्दीने बाप ऐकेलच असं थोडंच आहे?

दिवाळी झाली आणि एका शुक्रवारी संध्याकाळी शेलार गावाहून महादूशेठ आले, बरोबर मिस्त्री, मिस्त्रीच्या हातात टेप. मागाचं माप घ्यायला. पण दारातच अडकले. आत माणसांना माणसं लागलेली. एका कामगाराने त्यांनाच विचारलं, "चाचा, बच्चों की किताब किधर है?" आणि महादूशेठनी, काही ठाऊक नसताना, गंभीरपणे मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

गल्ल्यामागे सुचेता उभी होती. केसरीनाथ तिच्या शेजारी, एकदम ताठ.

"ही कोन रं?" महादूशेठनी विचारलं.

"गिऱ्हाईक हाय, बाबा."

"गिऱ्हाईक गल्ल्यामागं उभं राहतं?"

सुचेताने पदर सावरला. आता भीड धरायची नाही, एवढं तिला पक्कं कळलं होतं. "गिऱ्हाईक होते," ती म्हणाली. "आता इथंच राहायचं म्हणते. कायमचं. तुमचा गाळा राहिला तर."

मिस्त्री टेप हातात घेऊन घुटमळला. महादूशेठनी गर्दीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, मग मिस्त्रीला म्हणाले, "टेप गुंडाळ."

आणि सुचेताकडे वळून जरा हळू आवाजात विचारलं, "बाई, तुमचे वडलांना कंचा पुस्तक आवडतं?"

"का?"

"का म्हंजे काय," महादूशेठ म्हणाले. "पोरगी मागायला जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं?"