पडदेवालीचं खरं गिऱ्हाईक

समोरच्या मोठ्या पडद्यावर आपलंच दुकान झळकलं, तेव्हा संघमित्रा इंगळेच्या तोंडात चहाचा घोट होता. तो तसाच राहिला. ना आत जाईना, ना बाहेर येईना.

गोरेगावच्या त्या हॉलमध्ये ती पहिल्यांदाच आली होती. ‘छोट्या दुकानदारांसाठी विक्रीची मोफत कार्यशाळा’ असा मेसेज वाडीतल्या कुणीतरी पाठवला, तशी दुकान आईवर सोपवून ती निघाली. बोलणारा तरुणच होता. सुबोध मेस्त्री. बाह्या दुमडलेल्या, आवाज मोकळा, हसला की एकाच गालावर खळी. बरं बोलत होता. बरा दिसतही होता... आणि आता त्याच्या पाठीमागे तिच्या दहिसरच्या दुकानाची पाटी होती. ठळक, लाल अक्षरांत.

‘पडदे शिवून मिळतील. भाव करू नये. विनाकारण चौकशी करू नये. उभे राहून गप्पा मारू नयेत.’

“परवा मित्राकडे गेलो होतो, तेव्हा हा फोटो काढला,” सुबोध सांगत होता. “एक ओळ धंद्याची आणि तीन ओळी गिऱ्हाईक हाकलायच्या! आत शिरायला बहुतेक पोलिसांची परवानगी लागत असावी.”

हॉल खदाखदा हसला. संघमित्राचे कान तापले. तरी ती उभी राहिली.

“सर, ती पाटी माझी आहे.”

हसणं एकदम थांबलं. सुबोधच्या हातातला माईक खाली पडला आणि सगळ्या हॉलभर ‘खण्ण’ असा आवाज घुमला.

“आणि पोलीस-बिलीस कुणी लागत नाही. आत आला असतात तर कळलं असतं. तुम्ही बाहेरूनच फोटो काढून पळालात.”

आता मात्र हॉल आणखीनच हसला, पण त्याच्यावर. तो लालेलाल झाला. “मॅडम, मी... म्हणजे मला माहीत नव्हतं... सॉरी.”

“सॉरी राहू दे. पाटीवर काय लिहायचं ते सांगा. त्यासाठीच आलेय मी.”

त्यानं माईक उचलला. तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, “काय करू नये ते पुसा. गिऱ्हाईकाला काय मिळणार ते लिहा. ‘घरी येऊन माप घेऊ, फुकट.’ खाली फोन नंबर. बास.”

जाता जाता सगळ्यांना त्यानं आणखी एक गोष्ट बजावली. नातेवाइकांनी घेतलेला माल विक्रीत धरायचा नाही. ते आपलेपण झालं, धंदा नव्हे. तसल्या विक्रीवर जो खूश झाला, त्याची वाट लागली म्हणून समजा.

पुढच्या रविवारी तो दुकानात हजर. पाटी बदललेली पाहून उंबऱ्याशीच थबकला.

“आत येऊ? की चौकशी करू नये?”

“विनाकारण करू नये,” संघमित्रा मशीनवरून मान वर न करता म्हणाली. “कारण असेल तर या.”

“कारण आहे ना. माफी मागायची राहिलीय.”

दुसऱ्या मशीनवर तिची आई सोनूबाई बसली होती. चष्म्यावरून तिनं पोराला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, “माफी मागायला आलाय तर बसा. उभ्यानं मागितलेली माफी लागू पडत नाही आमच्यात.”

तो बसला. आणि मग दर रविवारी बसू लागला.

तो सांगायचा, शिवलेल्या पडद्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घाल, पण खिडकीसकट, घरासकट. गिऱ्हाईक आलं की कापड दाखवायच्या आधी विचार, खिडकीत ऊन सकाळी येतं की दुपारी? ती हसायची, उलट बोलायची, आणि सोमवारी गुपचूप तसंच करायची. बोलता बोलता तो कापडाची घडी धरायला मदत करी. दोन टोकं धरून दोघं जवळ येत, बोटांना बोटं लागत... आणि ती उगीचच म्हणे, “नीट धरा हो, सुरकुती पडते.”

पडत कसलीच नव्हती. पण तो नीट धरायचा.

धंदा मात्र जागचा हलेना. ऑनलाइन तयार पडदे मिळत होते, ते स्वस्त पडत. एका रविवारी ती हळूच बोलून गेली, “या महिन्यात नाही जमलं तर दुकान बंद करते. मॉलमध्ये नोकरी मिळतेय.” सुबोध त्या दिवशी चहा अर्धाच टाकून उठला.

आणि नवल झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी यायला लागल्या. एक मुलुंडची, एक घाटकोपरची, एक अंधेरीची. ओळख ना पाळख, आणि मोठ्या मोठ्या ऑर्डरी! संघमित्राचा विश्वासच बसेना. सोनूबाईनं वाडीत घरोघरी पेढे वाटले. “माझ्या संघमित्राचं नाव अंधेरीपर्यंत गेलं,” असं सांगत फिरली.

मुलुंडचं पार्सल गेल्यावर संघमित्राच्या लक्षात आलं, एक पडदा आखूड गेलाय. तिनं रातोरात नव्हे, पण सकाळी पहिल्या प्रथम दुसरा शिवला आणि स्वतःच पत्त्यावर पोचली. नलिनी मेस्त्री असं नाव होतं. मेस्त्री काय, शेकड्यांनी असतील. तिच्या मनात काहीच आलं नाही.

दार एका साडीतल्या बाईंनी उघडलं. आणि त्यांच्या मागे, सोफ्यावर, गंजीत बसून बशीतून चहा पीत होता... सुबोध.

बशी तिरकी झाली, चहा त्याच्या मांडीवर सांडला, तरी तो हलला नाही. संघमित्राची नजर त्याच्यावरून कपाटाच्या माथ्यावर गेली. तिथं तिची तिन्ही पार्सलं होती. मुलुंडचं, घाटकोपरचं, अंधेरीचं. दोन तर फोडलेलीही नव्हती.

“तू?” तिच्या तोंडून पहिल्यांदाच ‘तू’ निघालं. “हे सगळे... तू घेतलेस?”

“मेल्या!” सुबोधच्या आई, नलिनीबाई, मालवणीत किंचाळल्या. “माका तर सांगलंस हाफिसातसून भेट गावली म्हणान!”

“बाकीच्या दोन मित्रांच्या पत्त्यांवर मागवून इथं आणल्या मी,” सुबोध कसाबसा म्हणाला. “तू दुकान बंद करणार म्हणालीस... दुकान बंद झालं असतं तर मी रविवारी कुठं गेलो असतो?”

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे वाक्य ऐकून ती विरघळली असती. आज तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“आईनं पेढे वाटले रे त्या ऑर्डरींचे. तू हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलंस, असल्या विक्रीवर खूश होऊ नका. आणि मलाच खूश केलंस? मी काय... कीव करायच्या लायकीची वाटले तुला?”

“कीव नाही गं...”

ती जिने उतरून गेलीसुद्धा.

पुढच्या रविवारी तो आला, तर सोनूबाईनं दारातूनच परत पाठवलं. “तिला आत्ता एकटीनं धंदा करू द्या,” इतकंच म्हणाली.

संघमित्रा रागाच्या भरात नुसती चालत सुटायची. वाडीच्या पलीकडच्या नव्या टॉवरमध्ये लोक राहायला येत होते. एका दुपारी मान वर करून बघते तर काय, खिडक्याखिडक्यांना वर्तमानपत्रं, चादरी, एका ठिकाणी तर चक्क टॉवेल! बिचाऱ्यांना ऊन सोसवत नव्हतं आणि पडदे शिवून घ्यायला सवड नव्हती. ती तिथंच उभी राहिली. मग धावत दुकानात आली आणि आईला म्हणाली, “साधे पांढरे पडदे शिवूया. उसने द्यायला.”

“उसने? डोकं फिरलं का गं?”

सामान उतरवणाऱ्या बायकांना ती सांगू लागली, “ताई, आजच्या आज हे लावून देते. फुकट. तुमचे मनासारखे ठरेपर्यंत वापरा, मग परत करा.” सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर आधी संशयानं बघत होते, पण पहिले उसने पडदे त्यांच्याच बायकोनं लावून घेतले. पडदे परत येत ते ऑर्डर घेऊनच. दोन मशीनं पुरेनात. यातलं एकही गिऱ्हाईक सुबोधचं नव्हतं. हे तिनं नीट विचारून, खात्री करून घेतलं.

मग एका पावसाळी दुपारी तिनं त्याला फोन केला. “ड्रिल धरता येतं का? रॉड बसवणारा फिटर आजारी आहे.”

तो भिजतच आला. अकराव्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट, ओल्या सिमेंटचा वास, खिडकीतून दूरवर नॅशनल पार्कचे हिरवेगार डोंगर. त्यानं रॉड बसवला. तिनं निळा पडदा ओवला. मग तो स्टुलावरून उतरला आणि म्हणाला, “संघमित्रा, मी चुकलो. पण एक खरं सांगू? मला तू...”

“आवडते. माहितेय. मलाही तू आवडतोस.”

तिनं त्याच्या हातातलं ड्रिल काढून घेतलं.

“काल तुझ्या आईला भेटून आले.”

“काय?” सुबोध मटकन स्टुलावर बसला. “तू... आईला सांगितलंस? माझ्या आधी?”

“आधी सांगितलं की आम्ही बौद्ध, लोक बोलतील. मग सांगितलं की मला तुमचा मुलगा हवाय. त्यांनी कपाळाला हात लावला. माझी तर पाचावर धारण बसली होती.”

“मग?”

“मग विचारलं, तुमच्यात मासे चालतात?”

“आणि तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, सुकट असली की आई भाकरीची वाट बघत नाही. तर म्हणाल्या, रविवारी घेऊन ये आईला.”

सुबोध हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं नुसता हात पुढे केला... तिनं तो घट्ट धरला.

“ओ ताई!” बाजूच्या विंगच्या गॅलरीतून एक बाई वाकून ओरडत होती. “तो निळा पडदा कुठून घेतला हो? मलाही असलाच हवाय!”

“माझ्याकडचाच आहे, ताई!” संघमित्रा तिथूनच ओरडली. “येते हं!”

पण हात काही तिनं सोडवून घेतला नाही. दुकान उघडल्यापासून पहिल्यांदाच, एक अगदी खरं गिऱ्हाईक तिनं खुशाल ताटकळत ठेवलं.