झील धरायची जागा

ही गोष्ट खरी आहे. महेंद्र सांगलीत विश्रामबागला राहतो. आम्ही एकाच ऑफिसात बसतो. चहात साखर जास्त झाली तरी दोनदा चाखून मगच बोलणारा हा माणूस आहे, उगाच थापा मारणाऱ्यातला नाही. भुताखेतांच्या गोष्टींना तो पूर्वी हसायचा.

आता हसत नाही.

तारीख १८ फेब्रुवारी २०२४. रविवार, दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन होतं.

आधी थोडं मागचं सांगतो. त्याचे वडील आप्पासाहेब कोरेगावचे. नोकरीला कोयनानगरला, धरणावर. महिन्यातून एकदा घरी. जयंतीला त्यांची गायनपार्टी गावोगाव जायची. ओळ आप्पासाहेबांनी म्हणायची आणि त्यांच्या बायकोने, चंद्राबाईंनी, मागून तीच ओळ उचलून झील धरायची. सरावाला एकत्र बसणं जमायचं नाही. म्हणून आप्पासाहेब तिकडे खोलीत एकटेच कॅसेट भरायचे. एक ओळ म्हणायची... आणि गप्प बसायचं. ती रिकामी जागा चंद्राबाईंची. कोरेगावात कॅसेट लागली की त्यांनी तिथे झील धरायची, मग पुढची ओळ यायची.

प्रत्येक गाण्याचा शेवट ठरलेला. "गातो आप्पासाहेब, झील धरते चंद्रा."

१९९८ साली आप्पासाहेब गेले. चंद्राबाईंनी कॅसेट लावणं सोडलं नाही. महेंद्राकडे सांगलीला राहायला आल्या तरी रोज दुपारचा चहा झाला की एक गाणं व्हायचंच.

पण टेप झिजली. आवाज घोगरा यायला लागला. आईचा जीव त्या आवाजात आहे हे महेंद्राला कळत होतं. तो आवाज गेला तर आईही जाईल, अशी त्याला भीती होती.

म्हणून त्याने जुन्या कॉम्प्युटरचा घरगुती सर्व्हर केला. पाचशे जीबीच्या दोन हार्ड डिस्क बसवल्या. एकीवर जे होईल ते दुसरीवर आपोआप. शहाण्णव गाणी त्यात भरली. भरताना प्रोग्रामने विचारलं, मधली शांतता काढून टाकू का?

महेंद्राने 'हो' दाबलं.

रिकामी टेप कशाला साठवायची, असा त्याचा हिशेब. कॅसेटींना बुरशी लागलीच होती. त्या त्याने भंगारात दिल्या.

त्या रविवारी त्याने कौतुकाने आईच्या उशाशी स्पीकर ठेवला. आवाज काचेसारखा स्वच्छ. चंद्राबाईंनी पहिली ओळ ऐकली, झील धरायला तोंड उघडलं...

तोवर दुसरी ओळ सुरू झाली होती. मग तिसरी.

"जागा कुटं गेली रं?" त्या म्हणाल्या.

"कसली जागा, आये?"

"माजी. झील न्हाई धरली तर ते दम कवा घ्येतील? किती गाणी हायीत आसली?"

महेंद्राने एकेक गाणं उघडून बघितलं. सगळी तशीच होती. दुसऱ्या डिस्कवरही तशीच. आणि कॅसेटी तर गेल्याच होत्या.

त्याने गाणं परत लावलं. आप्पासाहेब न थांबता गात होते. चौथ्या कडव्यात त्याला काहीतरी ऐकू आलं...

धाप.

कॅसेटवर कधीच नसलेली धाप. शेवटच्या ओळीला तर शब्द फुटत नव्हता.

तीन दिवस चंद्राबाई जेवल्या नाहीत. महेंद्राला स्वतःचाच राग यायचा. तीन मिनिटांचं ते गाणं तो ऑफिसातूनही कानाला लावून पुनःपुन्हा ऐकायचा. चौथ्या दिवशी त्याने घरी फाइल उघडली...

गाणं साडेचार मिनिटांचं झालं होतं.

जागा परत आल्या होत्या. शहाण्णवच्या शहाण्णव गाण्यांत. त्याने काहीही केलं नव्हतं. त्याची बायको आम्रपाली त्या कॉम्प्युटरवरची धूळसुद्धा पुसत नाही, तिथे बाकीचं काय करणार.

चंद्राबाई पुन्हा झील धरू लागल्या. महेंद्राने जास्त खोलात जायचं नाही असं ठरवलं.

मग २० मार्च आला. महेंद्र रजा घेऊन घरी होता. चार वाजले होते. गाणं शेवटाला आलं.

"गातो आप्पासाहेब, झील धरतो... महेंद्र."

महेंद्राने ती ओळ पुन्हा लावून बघितली. वडिलांनी त्याचं नाव कुठल्याच गाण्यात कधी घेतलं नव्हतं. कॉलेजात असताना त्याला पार्टीत उभं राहायची लाज वाटायची. एकदा वडिलांनी विचारलं, त्याने नाही म्हटलं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

चंद्राबाई मात्र शांत होत्या. "आता तुजं नाव घेतलं," त्या म्हणाल्या. "माजं झालं."

नाव बदलल्यापासून आठव्या दिवशी दुपारी त्या झोपेतच गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे गेले. आणि महेंद्राच्या फोनवर सर्व्हरचा संदेश आला. डिस्क एक्क्याण्णव टक्के भरली.

सगळी गाणी मिळून चार जीबीसुद्धा नव्हती.

त्याने बघितलं. एकेक गाणं नऊ-नऊ तासांचं झालं होतं. आणि त्याच्या डोळ्यांदेखत वाढत होतं. पहिली ओळ बारा सेकंदांची. त्यापुढे नुसती शांतता...

आप्पासाहेब थांबले होते. झील कोणी धरत नव्हतं.

डिस्क गच्च भरली की काय होईल हे त्याला माहीत नव्हतं. गाणी पुसायला त्याने बोट नेलं. पण वडिलांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. बोट दाबवेना. त्याला रडू आलं. एकोणपन्नास वर्षांचा माणूस स्पीकरपुढे मांडी घालून बसला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने झील धरली.

पुढची ओळ लगेच आली.

त्या संध्याकाळपर्यंत डिस्क पुन्हा रिकामी झाली. तेव्हापासून महेंद्र रोज चारला झील धरतो. त्यासाठी ऑफिसातून घरी पळतो. साहेबांना तो औषधाची वेळ सांगतो. एक दिवस चुकला तरी फोनवर डिस्क भरल्याचा संदेश येतो. गाण्याच्या शेवटी नाव त्याचंच यायचं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटायला लागलं होतं. बापाने उशिरा का होईना, हाक मारली होती.

हे सगळं त्याने मला काल सांगितलं, कारण गेल्या रविवारी ती ओळ बदलली.

"गातो आप्पासाहेब, झील धरते... आम्रपाली."

आप्पासाहेब गेले तेव्हा आम्रपाली या घरात आली नव्हती. तिचं नाव त्यांनी कधी ऐकलेलंच नव्हतं. आणि तिला दोन ओळी सुरात म्हणता येत नाहीत, हे ती स्वतःच सांगते.

"तिला सांगितलंस?" मी विचारलं.

"न्हाई. काय म्हणून सांगू?"

काल चार वाजता मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याने गाणं लावलं. पहिली ओळ झाली. महेंद्राने तोंड उघडलं, पण घसा बसला होता, आवाजच निघाला नाही. आम्ही दोघं स्पीकरकडे बघत राहिलो...

स्वयंपाकघरातून झील आली. बरोबर जागेवर, सुरात.

"आवं, च्या टाकू का दोघांना?" आम्रपालीने आतून विचारलं. आपण आत्ता गायलो, हे तिच्या गावीही नव्हतं.

आज शनिवार. त्या रविवारपासून सहा दिवस झाले. सकाळपासून मी महेंद्राला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्याने उचलला.

परवा सोमवार आहे. आठवा दिवस.