राखाडी जहाजाच्या मागे

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. "स्क्रिप्ट छान जमलीये" अशी कमेंट टाकणार असाल तर प्लीज राहू दे.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारची, भर दुपारची. इथे परदेशात, क्लेमेंटी नावाच्या उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमधली. बाहेर हेझ, म्हणजे जळत्या जंगलांचा धूर, इतका, की समोरचा ब्लॉकसुद्धा दिसत नव्हता.

मी गार्गी. भुताखेतांना घाबरणारी नाही हं! अख्ख्या हॉलसमोर डिबेट ठोकते मी. गेल्याच टर्मला जिंकले.

माझे बाबा तेलाच्या टँकरवर कॅप्टन आहेत. त्या दिवशी ते एडनच्या आखातातून येत होते. तिथे चाचे, ड्रोन, सगळंच. पूर्वी अमेरिकेच्या राखाडी युद्धनौका पुढे चालायच्या आणि टँकर त्यांच्यामागे रांग धरायचे. बाबांच्या लाईनमध्ये सगळ्यांना एकच सवय... राखाडी जहाज पुढे असलं की प्रश्न विचारायचे नाहीत. मागे राहायचं.

या खेपेला कंपनीने कळवलं होतं, एस्कॉर्ट नाही.

"येणार कुठून?" निशिकांतकाका म्हणाले. ते बाबांचे मित्र, इथल्याच तुआस बंदरात जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर. रविवारी जेवायला आमच्याकडेच. "साऱ्या जगाच्या समुद्रावर पहारा ठेवायचा म्हणजे खर्च केवढा! किती जहाजं नुसती धक्क्याला बांधून आहेत. एकाचे पार्ट काढायचे, दुसऱ्याला लावायचे. चालवायला पोरंही मिळत नाहीत त्यांना."

"भावजी, जेवताना तरी नको ना ते," आई म्हणाली.

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला.

"सुचित्रा! एस्कॉर्ट मिळाला गं!"

आईने हातातला डाव तसाच धरून डोळे मिटले. मी तर किंचाळलेच. "येस्स! बाबा, दाखव ना!"

बाबांनी फोन खिडकीकडे फिरवला. टँकरच्या पुढे... एक राखाडी युद्धनौका.

काकांचा घास हातातच राहिला.

"प्रबोध... तिच्या मागच्या बाजूला डावीकडे चौकोनी ठिगळ आहे का रे?"

"आहे. का?"

"ते आम्ही मारलंय. आमच्या यार्डात." काकांनी ताट बाजूला सारलं. "मग अमेरिकेने काम थांबवलं. परवडेना. इंजिनं काढून दुसऱ्या जहाजाला पाठवली. उरलेला सांगाडा गेल्या वर्षी ओढत भंगारात नेला. प्रबोध, तिच्यात इंजिन नाहीये."

"मग काय वल्ही मारतायत?" बाबा हसले.

मी स्क्रीनच्या अगदी जवळ गेले.

एवढं मोठं जहाज चाललं होतं, पण मागे फेस नव्हता. पाणी... काचेसारखं.

झेंडा नव्हता.

डेकवर एकही माणूस नव्हता.

आणि कॉलवर नेहमी बाबांच्या इंजिनाची घरघर ऐकू येते, आई वैतागते त्याने. त्या दिवशी तीही नव्हती...

"बाबा, रडारवर दिसतंय का ते?"

ते बाजूला गेले. बराच वेळ आलेच नाहीत.

"अं... रडारवर समोर मोकळं आहे."

मग रेडिओ खरखरला. शांत, थकलेला आवाज, इंग्रजीत... "कॅप्टन, माझ्या मागे राहा."

बाबांचा चेहरा सैल झाला. "ऐकलंत? आहेत की माणसं! चला, ठेवतो."

"वळव, प्रबोध! वळव!" काका ओरडले.

कॉल कट.

मी जहाजं दाखवणारं ॲप उघडलं. बाबांचा ठिपका आखाताबाहेर मार्ग सोडून दक्षिणेकडे वळत होता. तिकडे नकाशावर नुसतं निळं आहे. त्याच्या पुढे... कुणीच नव्हतं.

आम्ही फोन लावत सुटलो. कंपनीतला माणूस इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाला, "वॉरशिप? कान्ट बी, लाह." समुद्रातल्या जहाजांसाठीच्या मदतकेंद्राशी मी बोलले. एकेक मुद्दा, सगळं नीट. पलीकडच्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"नोंद केली आहे. पण त्या भागात पाठवायला कुणाकडे जहाज नाही."

"कुणाकडेच?"

"पूर्वी असायचं," ती म्हणाली.

संध्याकाळी ठिपका गेला.

ना तेल तरंगलं, ना काही सापडलं. काकांनी भंगारवाल्यांकडे चौकशी केली. त्या नौकेचे केव्हाच तुकडे झालेत. पत्र्यांच्या ढिगाचा फोटो आला.

पण रविवारी दुपारी बाबांचा कॉल येतो.

खरंच येतो! कंपनीचा माणूस एकदा शेजारी बसला होता. त्याला स्क्रीन काळी दिसली. आम्हाला बाबा दिसतात. तोच शर्ट. खिडकीत तेच ऊन. मजेत असतात. "वळ ना रे, बाबा," मी दर वेळी रडून सांगते. ते म्हणतात, "अगं वेडे, ते पुढे आहेत ना."

मागच्या रविवारी त्यांनी फोन मागच्या बाजूला फिरवला. त्यांच्यामागे एक टँकर होता. त्याच्यामागे अजून एक...

"बघ, सगळे रांगेत लागलेत. आता कसली भीती?"

आईने विचारलं, "कधी पोचणार हो?"

बाबांनी पुढे पाहिलं.

"विचारलंय," ते म्हणाले. "सांगतील."

उद्या परत रविवार. आई आत्तापासूनच फोन चार्जिंगला लावून बसली आहे.