पाहुणीची खुर्ची

एटना ज्वालामुखीच्या अभयारण्यात पर्यटकांना फिरवणं हा माझा धंदा. दिवसभर विवरं दाखवायची आणि संध्याकाळी व्हेनेरामावशीच्या सरायीत मुक्कामाला न्यायचं. आजूबाजूला थिजलेला काळा लाव्हा आणि मध्ये ते एकच घर. मावशी विधवा, एकटी. पाहुण्यांच्या त्या चार खोल्यांवरच तिचं चालायचं.

लाव्हा तिच्या परसातल्या भिंतीला टेकून थांबलाय. तो आला तेव्हा तिच्या आईने आमच्याकडची रीत पाळली होती. घर झाडलं, टेबलावर पाव आणि वाइन मांडली, दार उघडं टाकलं. डोंगराला आम्ही बाई मानतो. ती लांबून दमून येते, तिचा पाहुणचार केला की शांत होते.

गेल्या ऑक्टोबरात माझ्याबरोबर एक टोळकं होतं. राख पडत होती, विवर काही दिसलं नाही, सगळे कुरकुरत होते. मावशी तळघरात गेलेली पाहून मी त्यांच्या करमणुकीसाठी ती रीत करून दाखवली. पाव मांडला, पेला भरला, दार सताड उघडलं आणि डोंगराकडे बघून ओरडलो, "ये बाई, दमली असशील, जेवून जा!"

टाळ्या पडल्या. मावशी जिन्यात उभी होती.

"ती येत होती का?"

"कोण?"

"मेल्या, ती दारात आली तरच मांडायचं असतं! आपण होऊन बोलावतं का कुणी?"

"अगं, गंमत केली..."

"मग आता बस तिच्यासमोर. बोलावलंस तू, निरोपही तुझ्याच तोंडून हवा. हे घर गेलं तर मला दुसरं नाही, सिरीनो."

पाहुणे हसत वर गेले. मी बसलो, म्हातारीचं मन राखायला. कौलांवर राख पिठासारखी चाळली जात होती. गंधकाचा वास आत आला. मग समोरची वेताची खुर्ची करकरली, कुणा जडशीळ माणसाने सावकाश टेकावं तशी. पेल्यातली वाइन उतरू लागली. टेबलाखाली माझे गुडघे भाजायला लागले. 'सुखाने जा' एवढंच म्हणायचं होतं. पण माझी पार तंतरली होती. मी उठलो आणि अंगणात पळालो.

"बोललास?" मावशीने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. तिने ॲप्रनला हात पुसले.

"पाहुणीला एकटं बसवत नाहीत," म्हणाली, आणि आत जाऊन माझ्या खुर्चीवर बसली.

घर वाचलं. पण तेव्हापासून मावशीला त्या टेबलावरून उठलेलं मी पाहिलं नाही. मुक्कामाला ती कुणाला घेत नाही. मी दर रविवारी पाव घेऊन जातो, निरोपाचे शब्द मनात घोकत. समोरची खुर्ची रिकामी असते. हात लावून पाहिला, तर गार. सुटलो, असंच मला वाटत होतं.

गेल्या रविवारी निघताना नेहमीसारखा वाकून मी तिच्या गालाचा मुका घेतला. ओठ पोळला. अजून फोड आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "सिरीनो... उठू का मी?"

मी पाव ठेवला आणि 'सुखाने जा' न म्हणताच निघालो. उद्या रविवार आहे.