बारीतली वाटी

चैत्रातली दुपार, तीनचा सुमार. अहमदाबादेतली केवडानी पोळ, म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या जुन्या घरांची बंदिस्त गल्ली. जशीबांच्या भाड्याच्या घरात त्या वेळी तरुलता रावळ एकटीच होती. जशीबा उत्थापनाच्या दर्शनाला हवेलीत, वैष्णवांच्या मंदिरात, गेल्या होत्या.

तरुलता भाडूत मंडळाची. मालकांच्या मागे लागून घरं दुरुस्त करून घेण्यात तिचे केस पांढरे झाले होते. या मालकाची रीत तिला पाठ होती. गळतंय, गळू दे. कलतंय, कलू दे. घर बसलं की भाडूत जातो आणि जागा मोकळी होते. याला कायद्यात खून म्हणत नाहीत, एवढंच. त्याचंच शेजारचं घर गेल्या पावसाळ्यात बसलं, आणि त्याखाली तिथली भाडूत मंछाबा गेली. "दुरुस्ती आम्ही करून घेतली आहे," असं मालकाचे मुनीम, मेहताजी कनुभाई, घर बसायच्या आदल्याच आठवड्यात पालिकेत छातीठोकपणे सांगून आले होते. प्रेत काढलं. विटामातीचं राबिट तसंच राहिलं.

आता दोन्ही घरांमधल्या सामायिक भिंतीला, जशीबांच्या बाजूनं, हात शिरेल एवढी भेग गेली होती. उद्या सकाळी पालिकेचे इंजिनीयर येणार होते. त्यांनी घर धोकादायक ठरवलं की म्हातारी रस्त्यावर. त्याआधी मालकाला दुरुस्तीचा हुकूम निघावा, एवढीच तरुलताची धडपड होती.

भेग मोजता मोजता तिचा हात भिंतीतल्या बारीला लागला. बारी म्हणजे कोनाड्याएवढी खिडकी. पोळीत शेजारणी तिच्यातून एकमेकींना वाट्या देतात. तिनं फळी उघडली. आत पितळेची वाटी होती, आणि वाटीत विरजणाचं दही. गार.

गारव्याला ठेवलं असेल, असं तिला वाटलं. तिनं ते दही दुधाच्या पातेल्यात लावलं, वाटी धुतली, आणि जन्माच्या सवयीनं डब्यातली सुखडीची एक वडी तिच्यात टाकून वाटी परत बारीत ठेवली. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नसते. हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

जशीबा आल्या. दूध झाकलेलं बघून म्हणाल्या, "विरजण कुठून आणलंस गं?"

"बारीतलं घेतलं, बा."

जशीबा उंबऱ्यातच थांबल्या. "ती फळी मी मंछी गेल्यापासून उघडली नाही."

तरुलतानं पुन्हा फळी उघडली. वीतभर खोली, आणि मागे गच्च राबिट. विटा, माती, मोडलेला एक वासा. वाटी नव्हती.

"रिकामी तर नाही ना पाठवलीस?"

"सुखडी... सुखडी ठेवली."

"मग आता पाळी तिची," जशीबा हळूच म्हणाल्या आणि दिवा लावायला वळल्या.

उजेड होता तोवरच आवाज सुरू झाला. आधी खरवडल्यासारखा, मग थप... थप... जणू कोणी तळहातानं भाकरी थापतंय. घरभर ओल्या चुन्याचा वास पसरला. तरुलता पोळीच्या तोंडाशी धावत जाऊन आली. पडक्या घराच्या दाराला पत्रा तसाच ठोकलेला होता. गवंडी नाही, घमेलं नाही, वाळूचा कण नाही. उंदीर असतील, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. उंदीर चुना मळत नाहीत.

सकाळी भेग भरलेली होती. चुना पलीकडून रेटल्यासारखा अलीकडे फुगून आला होता, आणि अजून ओला होता.

इंजिनीयरनी भिंत ठोकून पाहिली, बारीत पट्टी घालून खोली मोजली. वीतभरच. बारीत पितळेची वाटी होती, चुन्यानं माखलेली. "काम चांगलं झालंय. कोणी केलं?"

मेहताजी कनुभाई पान चघळत दारात उभेच होते. त्यांनी क्षणभर भिंतीकडे पाहिलं. "कोणी म्हणजे? दुरुस्ती आम्ही करून घेतली आहे, साहेब. आमचे शेठ काय भाडुतांना मारायला बसलेत? या तरुबेन उगाच बोंब मारत फिरतात."

काल रात्री इथे कोणी गवंडी आला नव्हता, हे तरुलतानं सांगायचं तर मग भिंत कोणी भरली, तेही सांगावं लागणार.

जशीबांनी वाटी काढली, पदरानं पुसली आणि मेहताजींच्या पुढे धरली.

"काम तुमचं ना, कनुभाई? मग वाटीही तुमच्याकडची. तुम्हीच परत ठेवा. रिकामी नका ठेवू हं."

"हे एक नवीनच!" मेहताजी हसले. खिशातली सुपारी वाटीत टाकून त्यांनी हात बारीत घातला.

हसू तोंडावरच राहिलं.

"वाटी... घेतली कोणीतरी..."

"ठेवा आणि हात काढा," इंजिनीयर म्हणाले.

"सोडत नाही... साहेब, मनगट सोडत नाही..." ते भिंतीला चिकटत चालले होते. पानाचा लाल ओघळ हनुवटीवर आला. "आम्ही नाही केलं! काही नाही केलं. मंछाबेनच्या घराचंही नाही... एक वीट नाही लावली! सोड गं आई... सोड!"

हात सुटला. मेहताजी मागे कोसळले ते सरळ अंगणात.

इंजिनीयरनी अहवालात भिंत पक्की असल्याचं लिहिलं, आणि मंछाबाच्या घराबद्दल मेहताजी काय बोलले तेही लिहिलं. चौकशी लागली आहे. जशीबा अजून त्याच घरात राहतात, रोज दही लावतात, आणि विरजण कुठून आणता, हे तरुलता विचारत नाही.

फक्त एक गोष्ट तिनं इंजिनीयरना विचारली, मेहताजींना विचारली, मंडळातल्या प्रत्येकाला विचारली. बारी वीतभर खोल आहे, हे सगळ्यांच्या देखत मोजलं होतं. मेहताजींच्या हाताला ओला चुना लागला होता तो खांद्यापर्यंत.