डाव्या हाताचं बीपी

दवाखान्यातून दादाची कागदपत्रं आणायची आहेत, असं आईला सांगून निघालो. पिशवीत लोखंडी सळई होती. शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा. सोबत माझा मित्र.

दादाला गल्लीत सगळे शिडी म्हणायचे, इतका उंच. महिन्यापूर्वी छातीतून पाठीत कळ गेली. दवाखान्यात रात्रपाळीच्या डॉक्टरने उजव्या हाताचं बीपी घेतलं, ॲसिडिटीची गोळी दिली, घरी हाकललं. घरी तो कोसळला. पुन्हा नेलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या सर्जननी लगेच छाती उघडली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती. दादाच्या अंगाची वीणच जन्मापासून सैल, रक्तवाहिन्याही लेच्यापेच्या. फाटका भाग काढून कापडी नळी बसवली, पण टाके ओल्या कागदात घातल्यासारखे सुटत गेले. दादा टेबलावरच गेला.

"दोन्ही हातांचं बीपी घेतलं असतं तर फरक दिसला असता, डाव्या हातात लागतच नव्हतं," सर्जन म्हणाले. "चार तास आधी आणायला हवं होतं."

चार तास आधी आणलंच होतं!

रात्रपाळीच्या डॉक्टरच्या दाराशी स्टुलावर आमच्याच गल्लीतले म्हातारे वॉर्डमामा बसले होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"शिडीचा भाऊ ना? बस. तूही बस रे."

"मामा, सरका."

"तुझं काम कोणीतरी करून गेलंय. ऐक."

आम्ही बसलो.

"मंगळवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. डॉक्टर आत एकटा. एक जण आला. दारात वाकून शिरला. डावी बाही वर सारलेली. हात टेबलावर ठेवला. डॉक्टरने मान वर न करता विचारलं, काय होतंय? त्याने हात आणखी पुढे सरकवला. डॉक्टरने पट्टा बांधला. हवा भरली. सोडली. पुन्हा भरली... काही ऐकूच येईना. मग त्याने वर पाहिलं."

"मग?"

मामांनी दाराकडे पाहिलं.

"मामा, मग?"

"तो म्हणाला, आता तुमचा द्या... दिवा गेला. मी स्टूल घट्ट धरून बसलो. आतून नुसता पंपाचा आवाज. फुस्स... फुस्स..."

"थापा! भूत बीपी घेतं होय!" मी उठलो.

"जा. बघून ये."

मी आत गेलो. डॉक्टर लिहीत होता. मला पाहिलं, पेन थांबलं. वाटलं, ओरडेल. त्याने निमूट डावा हात पुढे केला.

मी मनगट धरलं. दाबलं. हात गरम होता. बोटं हलत होती.

नाडी... नव्हती.

तो रडायला लागला. मी सोडलं नाही.