बिनडोळ्यांचं पान

"ऋत्विक, तू कातळवीर. साईराज शिपाई. आणि कोळशा तिकडे बसलाय!" निशिगंधाने फर्मान काढलं आणि शाडूच्या ओल्या मातीचा गोळा हातात तोलून पाहिला.

कोळशा म्हणजे बुधा. त्याला खेळायचंय का, हे कुणी विचारलं नव्हतं. साठी उलटलेला बुधा निशिगंधाच्या पप्पांच्या पेणमधल्या गणपती कारखान्यात माती मळायचा. चपटं नाक, फाटका कान, जाड ओठ. 'कातळवीर'च्या चित्रपुस्तकातला दुष्ट कोळशा हुबेहूब असाच होता. पुस्तकं कधीच बंद पडली होती, पण जुने अंक घरोघरी होते आणि बुधाला गोळे मारायची पद्धत बापाकडून पोरांकडे आली होती. निशिगंधाच्या पप्पांनीही लहानपणी मारले होते. ते तर हे हसत हसत सांगायचे.

गोळा सुटला तो थेट बुधाच्या कानशिलावर बसला. आत खडा होता. रक्त आलं. बुधाने ते मातीच्याच हाताने पुसलं आणि मळणं चालू ठेवलं. निशिगंधाचा धाकटा भाऊ साईराज टाळ्या पिटत नाचला.

ऋत्विक मात्र हसला नाही. तो त्यांचा रोह्याचा मामेभाऊ, मे महिन्याच्या सुट्टीला आलेला, आणि प्रश्न विचारून भंडावून सोडण्यात पटाईत.

"पुस्तकं चाळीस वर्षांपूर्वीची," तो म्हणाला. "मग आधी कोण? कोळशा की हा?"

पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, हैबतरावांनी याला कुठे बाजारात पाहिलं असेल. हैबतराव म्हणजे कातळवीरचे जनक, रोह्याच्या रणधीर प्रकाशनाचे मालक. ते आता नव्हते. पण त्यांचा मुलगा हर्षदशेठ सगळे अंक एका जाड पुस्तकात पुन्हा काढणार होता. रविवारी रोह्यात प्रकाशन होतं आणि शुक्रवारपासून मूळ चित्रांचं प्रदर्शन. तिघं शुक्रवारीच गाडीत बसले. कासू स्टेशन मागे पडलं तरी ऋत्विकचे प्रश्न काही संपले नाहीत.

सभागृहात भिंतभर इतिहास लावला होता. हैबतराव आधी लग्नपत्रिका छापायचे. मग एक्क्याऐंशी साली त्यांनी पहिला कातळवीर काढला. पनवेलपासून महाडपर्यंत एसटी स्टँडवर तो हातोहात खपायचा. धाटावच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटली की कामगार पोरांसाठी अंक घेऊन जायचे. असे त्रेचाळीस अंक निघाले. लेखक हैबतराव, चित्रकार हैबतराव, संपादक हैबतराव. बहुधा छापखान्यातला चहाही तेच करत असावेत.

चव्वेचाळिसावा अंक छापलाच गेला नव्हता. त्याचं एक पान काचेच्या फ्रेममध्ये मधोमध टांगलं होतं. त्यावर नऊ माणसं होती, घोडा होता, केस न् केस काढलेला होता, आणि एकालाही डोळे नव्हते.

"आई गेली त्या दिवसांतलं हे चित्र," हर्षदशेठ पाहुण्यांना सांगत होता. "बाबांना जगाकडे पाहवत नव्हतं. म्हणून त्यांनी माणसं आंधळी काढली." दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

निशिगंधाला हसू आवरेना. आंधळी कसली? पान अर्धवट राहिलं होतं, एवढंच! कारखान्यात सगळी मूर्ती रंगवून होते आणि डोळे सर्वांत शेवटी. ती आखणी मुख्य कारागीर करतो, एका बैठकीत, ओळीने सगळ्या मूर्तींची. हे पान काढणारा माणूस मूर्तींच्या कारखान्यात शिकलेला होता. तिने साळसूदपणे विचारलं, हैबतरावांनी कधी गणपती रंगवले होते का?

हर्षदशेठच्या नाकपुड्या फुगल्या. "माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात मातीला हात लावला नाही."

परतीच्या गाडीत ऋत्विकने दोन गोष्टी जोडल्या: मूर्तींच्या कारखान्यात शिकलेला हात आणि कोळशाचा चेहरा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बुधाच्या वाडीवर गेले. दारात त्याची बायको आवडी तांदूळ निवडत होती. निशिगंधाला पाहताच ती उठून उभी राहिली.

"आता घरी पन मारायला आलीस काय गो?"

निशिगंधाची मान खाली गेली. शेवटी ऋत्विकनेच बिनडोळ्यांच्या पानाचं सांगितलं, आणि आवडीने सगळी हकीकत सांगितली.

एकोणीस वर्षांचा बुधा पेणमध्ये गणपतींचे डोळे आखायचा. हैबतरावांनी त्याचा हात पाहिला आणि त्याला रोह्याला नेऊन छापखान्यामागच्या खोलीत बसवलं. आठ अंक झाल्यावर त्याने एकच गोष्ट मागितली. आतल्या पानावर, बारीक अक्षरात का होईना, आपलं नाव. हैबतराव हसले. पुस्तकात यायचंय ना, मग ये, म्हणाले. त्यांनी बुधाच्या हातात आरसा दिला आणि त्याच्याकडून त्याचाच चेहरा काढून घेतला. तोच कोळशा झाला. पुढे दर महिन्याला कातळवीरने कोळशाच्या तोंडावर लाथ मारायची, आणि ती लाथ बुधानेच रंगवायची. शेवटी चव्वेचाळिसाव्या अंकाचं पान डोळे न काढताच टाकून तो पेणला परत आला.

"मंग पेनमध्ये कोनी डोळं आखायला दिलं नाय," आवडी म्हणाली. "कोळशाच्या हातचं डोळं देवाला कशे चालतील?"

बुधा तोवर ओटीवर येऊन बसला होता. तो पहिल्यांदाच बोलला. "शेट म्हनाले, नाव पायजे तर मागं लिही. मागची बाजू छापत नाय. तर मी पर्त्येक पानामागं लिवलंय."

साईराजला लगेच जाऊन फ्रेम उघडायच्या होत्या. निशिगंधाने त्याला वेड्यात काढलं. तसं नुसतं म्हटलं असतं तरी पानं रातोरात गायब झाली असती, आणि पुस्तक हैबतरावांच्या नावाने बाहेर पडलं असतं ते कायमचंच. हा हात त्या चित्रकाराचाच, हे आधी हर्षदशेठकडूनच भर सभेत वदवून घ्यायला हवं होतं. बुधा यायला कबूल झाला, पण नावासाठी नाही. ती नऊ माणसं इतकी वर्षं आंधळी राहिली आहेत, त्यांचे डोळे आखून येतो, एवढंच तो म्हणाला.

रविवारी ऋत्विकने हर्षदशेठला गळ घातली. त्या पानाच्या झेरॉक्स वाटा, लोकांना डोळे काढू द्या, आणि कुणाचे डोळे हैबतरावांच्या हाताशी जुळतात ते तुम्हीच ठरवा! हर्षदशेठ खूश होऊन स्पर्धा जाहीर करून मोकळा झाला. कागद वाटले गेले. शेवटच्या रांगेत मुंडासं बांधलेला एक म्हातारा गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून बसला होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

निशिगंधाने त्याचा कागद नाव न घालता गठ्ठ्यात सरकवला. हर्षदशेठ एकेक कागद पाहत हसत होता, टोमणे मारत होता. मग तो थांबला. त्याने माईक ओढला.

"हे तर बाबाच! हा हात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. कोण आहे हा मुलगा? वर ये."

बुधा उठला. मुंडासं सोडून हातात घेतलं आणि चालू लागला. आधी सभागृहाला कळलं नाही. मग कुणीतरी ओरडलं, "कोळशा!" आणि सगळे खदखदून हसले. शाळांचे गुरुजी हसले, पाहुण्या बाई हसल्या. एकाने खाऊच्या पुडीतली केळ्याची साल फेकली, ती बुधाच्या खांद्यावर पडली. निशिगंधा पुढे झाली आणि तिने ती काढून टाकली.

"नक्कल कुणीही करेल," हर्षदशेठ चाचरत म्हणाला. त्याचा रंग उडाला होता.

"मग फ्रेम उलटी करा," निशिगंधा माईकपाशी जाऊन म्हणाली. "मागे काय लिहिलंय ते बुधाकाका आधी सांगतील. तुम्ही सगळे बघा."

"माजं नाव लिवलंय," बुधा म्हणाला. हर्षदशेठ नको नको म्हणत असताना प्रमुख पाहुण्यांनीच फ्रेम उतरवली. पानामागे ब्रश तपासायला काढलेले बारीक डोळे ओळीने होते आणि खाली वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बुधा'. दुसऱ्या फ्रेममागेही तेच. मग लोक स्वतःच फ्रेम उतरवू लागले. प्रत्येक पानामागे तेच नाव होतं. हसणं केव्हाच थांबलं होतं.

प्रकाशन थांबलं. हर्षदशेठने सर्वांसमोर लिहून दिलं, की पुस्तक चित्रकार म्हणून बुधाचं नाव छापूनच निघेल. पाहुण्यांनी मुलांच्या चौकसपणाची तोंड भरून तारीफ केली. पेणहून आलेले निशिगंधाचे पप्पाही छाती पुढे काढून उभे होते. आपणही गोळे मारले होते, हे त्यांनी काही कुणाला सांगितलं नाही.

"आता बुधाजी या गुणी मुलीला आशीर्वाद देतील," पाहुणे म्हणाले.

निशिगंधा वाकली. तिच्या डोक्यावर हात आलाच नाही. तिने वर पाहिलं. बुधाच्या कानशिलावर जखमेची खपली होती.

"ही पोर मला ठावं हाय," बुधा माईकमध्ये म्हणाला. "हिचा नेम लय चांगला हाय."

लोकांना ते कौतुक वाटलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो संपेपर्यंत निशिगंधाला तिथेच उभं राहावं लागलं.